कापलेले चार शब्द

प्रिय अब्बा,

परवा लोणखेड्याच्या कॉलेजातली एक मुलगी कार्यक्रमाची बातमी घेऊन आमच्या ऑफिसात आली. धडगावच्या वरच्या पाड्यातली. शहाद्याच्या तंबाखूवाल्या चाचांचा मुलगा मीच का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाची, खात्र्याबाबांची नात निघाली. मग अगदी सहज, हसतच म्हणाली, "आमचा आजा सांगतो, चाचा कंपनीले विकाई गया."

तिची बातमी मी छापली. तुमची राहून गेली आहे. म्हणून हे पत्र.

घरात आपण हिंदी बोलायचो, गिऱ्हाइकांशी तुम्ही अहिराणी बोलायचात, आणि मला मात्र मराठी शाळेत घातलंत. घरात एकाला तरी पेपर वाचता यावा, एवढीच तुमची इच्छा. पुढे मी पेपरातच लागलो, आणि तुम्ही माझ्यासाठी मराठी वाचायला शिकलात. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द. तुम्ही सावकाश वाचायचात आणि मी घाईने लिहायचो. कसं जमायचं आपलं?

तुमचा धंदा चिलमीच्या तंबाखूचा. राज्याच्या सीमेपलीकडच्या शेठच्या कारखान्यातून कुटलेली पानं यायची, तुम्ही त्यात काकवी मळायचात, कोपरापर्यंत हात काळे. पुडी नाही, छाप नाही. डोंगरातली माणसं बाजाराच्या दिवशी जीपने उतरायची आणि 'चाचावाला' मागायची. तंबाखू चांगला, असं मी म्हणणार नाही. तुमचा खोकला भिंतीपलीकडून ऐकत मोठा झालो आहे. पण ते नाव तुम्ही खोटं न बोलता कमावलं होतं.

मग शेठचा कारखाना मोठ्या कंपनीने विकत घेतला. प्रेसनोट माझ्याच टेबलावर आली. तिचं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे: 'जुन्या किरकोळ विक्रेत्यांचा पुरवठा पूर्वीप्रमाणेच सुरू राहील, असे कंपनीने म्हटले आहे.' पान छपाईला सोडायची वेळ झाली होती आणि बातमी एक ओळ जास्त होत होती. मी शेवटचे चार शब्द कापले. कंपनीचं म्हणणं आमच्या पेपरचं म्हणणं झालं. मला काही वाटलंही नाही.

पुढच्याच आठवड्यात शेठच्या मुनीमाचा तुम्हाला फोन आला. जमेल तेवढा माल आताच उचलून ठेवा, पुढचं काही खरं नाही, असं तो सांगत होता. उलट तुम्हीच त्याला समजावलंत, पेपरात आलंय म्हणून! खात्र्याबाबांच्या घरी तेव्हा लग्नाची बोलणी होणार होती. बैठकीत चिलीम फिरणार, आणि तंबाखू तुमचाच हवा होता. त्यांनाही तुम्ही छाती पुढे काढून सांगितलंत, "मन्हा पोऱ्यानी छापेल शे. माल येई."

माल आला नाही. कंपनीला सुटा तंबाखू विकायचाच नव्हता. तिने जुनी यंत्रं बंद केली आणि तुमच्या दुकानात आपल्या छापाच्या पुड्यांच्या माळा पाठवल्या. खात्र्याबाबा तीनदा घाट उतरून आले. तिसऱ्यांदा मी दुकानात होतो. ते पायरीवर बसले, टांगलेल्या पुड्यांकडे पाहिलं, पाणी नको म्हणाले.

"चाचा, तू नही म्हनता ते चाली जातं. हा काबर म्हना?" हो का म्हणालास, एवढंच त्यांचं विचारणं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "मन्ही चूक व्हयनी," एवढंच म्हणालात. मी शेजारी उभा होतो, अब्बा. मी का बोललो नाही?

त्या संध्याकाळी तुम्ही कात्रण पुढे ठेवलंत. "बेटा, ये 'राहील' तूने लिखा या कंपनी ने?"

कंपनीने, मी म्हणालो.

"तो उनका नाम क्यों नहीं डाला?"

जागा नव्हती, म्हणालो. तुम्ही मान हलवलीत.

एवढंच? एक थप्पड तरी द्यायची होती! त्यानंतरही तुम्ही रोज पेपर घेत राहिलात. पण दुकान रिकामं करताना मला त्या पेपरांचा गठ्ठा सापडला. एकाचीही घडी मोडलेली नव्हती.

खुलासा छापू या, असं मी साहेबांना म्हटलं होतं. चूक कुठे आहे, नोटमध्ये होतं तेच छापलं, असं ते म्हणाले. आमच्याकडे फोटो चुकला की दिलगिरी छापतात. तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. तुमच्यासारखाच सुटा तंबाखू विकणाऱ्या, प्रकाशा गावच्या हुसेनभाईंनीही दुकान मोडलं. तुम्हा दोघांची नावं त्या कंपनीत कुणी कधी ऐकलीही नसतील. तुम्हाला संपवायचं कुणी ठरवलं नव्हतं, हेच मला सहन होत नाही.

धडगावच्या येत्या बाजाराला मी जाणार आहे. चाचा विकला गेला नव्हता, त्याने फक्त मुलावर भरवसा ठेवला, हे खात्र्याबाबांना समोर बसून सांगणार आहे. ते मानतील असं वाटत नाही. दुकान गेलं, तुम्ही गेलात. आता खरं कळून कुणाला काय मिळणार? तरीही जाईन, हा शब्द देतो. तू त्याच दिवशी का बोलला नाहीस, हे त्यांनी मला विचारायला हवं. ते विचारेपर्यंत मी तिथून उठणार नाही.

तुमचा,
सलीम