खण अर्धाच भरलाय

१० नोव्हेंबर
आज बोटीवर चढलो! हरसूलचे आम्ही दोघेच, मी आणि केरूदादा. त्याची ही चौथी खेप, त्याच्याच भरवशावर आईने मला सोडलं. समुद्र पहिल्यांदाच बघितला, नजर पुरत नाही. बोटीचा प्रमुख म्हणजे तांडेल. त्याने पोटभर जेवू घातलं आणि सगळ्यांचे मोबाईल पेटीत घालून कुलूप लावलं. खाऱ्या हवेने बिघडतात म्हणे. बोटीच्या पोटात बर्फाचा मोठा खण आहे. तो मासळीने भरला की परत फिरायचं.

१३ नोव्हेंबर
काम जमतंय. जाळं ओढायचं, कोळंबी, बांगडे, म्हाकूळ वेगळे काढायचे, मग खणात मासळीचा थर, त्यावर फावड्याने बर्फ. हाताला फोड आले तर केरूदादाने हळद लावली. घरी भाताची झोडणी सुरू झाली असेल.

१७ नोव्हेंबर
दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात केरूदादाचा हात सापडला. दोन बोटं गेली. तांडेलने डिझेलचं फडकं बांधलं. परत फिरू या, मी म्हणालो. तो म्हणाला, खण अर्धाच भरलाय.

१९ नोव्हेंबर
केरूदादा तापाने बरळतोय. पडून राहणाऱ्याला जेवण नाही, असा तांडेलचा हुकूम. माझ्यातला भात लपवून भरवला.

२० नोव्हेंबर
सकाळी तांडेल म्हणाला, गेला तो. बर्फात ठेवू, किनाऱ्यापर्यंत टिकेल. फावडं माझ्याच हातात दिलं. छातीवर बर्फ टाकताना केरूदादाचे ओठ हलले. मी ओरडलो. तांडेलने शांतपणे विचारलं, "तूही उतरतोस का त्याच्या शेजारी?"
मी टाकत राहिलो. तोंडावरही.

२१ नोव्हेंबर
खणातून ठोके येतात. सगळे ऐकतात, सगळे जेवतात. दुपारी हाक आली, "धनू, लय गारठा हे रं." मी जाळं ओढत होतो. ओढतच राहिलो.

२२ नोव्हेंबर
ठोके थांबले. त्याच्यावर बांगड्यांचा थर लावला. मीच.

२४ नोव्हेंबर
जाळ्यातल्या पाकट माशाच्या शेपटीचा विषारी काटा तळहातात घुसला. कुणाला सांगितलं नाही. हात कोपरापर्यंत सुजलाय. बाही खाली ओढून काम केलं.

२५ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितोय. अंग भाजतंय. तांडेलने कपाळाला हात लावून बघितला, अगदी बापासारखा. मग दोघांना खणाकडे पाठवलं.
बर्फ फोडतायत —
मी उभा राहू शकतो. जाळं ओढून दाखवतो, एका हाताने — आई —
झाकण उघडलं. येतायत. मी अजून