हजेरी घेणाऱ्याची हजेरी

प्रिय मावशी,

गुडघ्याला पट्टा बांधतेस की कपाटात घडी करून ठेवलास, ते आधी कळव. माझ्या उमेदवारीचे सहा महिने काल संपले. ठेवलं की नारळ दिला, ते क्रमानेच सांगतो, नाहीतर माझा धागा सुटतो. शेवट आधी वाचू नकोस, तुला ती खोड आहे.

तू विचारलं होतंस की दिवसभर नक्की करतोस काय. तुझं मुलींचं वसतिगृह डोळ्यांसमोर आण. आमच्या हॉलमध्ये लोखंडी कपाटांत चाळीस सर्व्हर आहेत, त्या समज चाळीस इमारती. प्रत्येकीत वीस-पंचवीस मशीन राहतात, पण ती हाताला लागत नाहीत. नुसती आज्ञावलीची बनलेली, तरी प्रत्येकाला वाटतं, सगळी इमारत आपलीच. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कोणाला ताप आलाय, कोणावर भार पडलाय, कोण उत्तर देत नाही, याची हजेरी दर मिनिटाला घेतली जाते, आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक सर्व्हरचा आणि मशीनचा चौकोन हिरवा किंवा लाल होतो. तू वही घेऊन जिन्यावर उभी राहायचीस, तसंच. फक्त इथे कोणी उशीखाली आरसा लपवत नाही.

मला घेतलं होतं लेबलं चिकटवायला आणि बिघडलेल्या डिस्क बदलायला. अक्षर बरं आणि लेखन शुद्ध, एवढीच माझी पुंजी. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा मी. कोणतं व्हर्च्युअल मशीन कोणत्या सर्व्हरवर राहतं, याची मी स्वतःची वही केली. सगळे हसले. पलीकडच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला, अरे बाबा, ही यादी कॉम्प्युटरात आहे, तू काय पाटीवर पाढे लिहितोस? आमच्या हॉलच्या प्रमुख, मोठ्या बाई, त्यांनी तर माझं नाव शंकासुर ठेवलं. तूच ठेवलेलं नाव यांना कोणी सांगितलं, देव जाणे.

मागच्या सोमवारी वही कॉम्प्युटरातल्या यादीशी ताडताना हात थांबला. ही हजेरी घेणारी जी आज्ञावली, तीसुद्धा एक व्हर्च्युअल मशीनच होती, आणि ती राहत होती चौदा नंबरच्या सर्व्हरवर. म्हणजे चौदा नंबर बंद पडला, तर ओरडायचं जिने, तीच आधी गप्प होणार. दोन दिवस मी हे कोणाला बोललो नाही. एवढे शिकलेले लोक, त्यांना हे सुचलं नसेल का? उमेदवारीचे पाच दिवस उरलेले, तोंड उघडून हसं करून घ्यायचं का? बुधवारी जेवणाच्या सुट्टीत शेवटी बाईंसमोर वही ठेवली. त्यांनी घास खाली ठेवला. मग म्हणाल्या, बघूया तर.

चौदा नंबरवरची, ग्राहकांनी भाड्याने घेतलेली मशीन त्यांनी आधी दुसऱ्या सर्व्हरवर हलवली. दुपारी तीन वाजता सगळे काचेपलीकडे जमले आणि बाई मला म्हणाल्या, शंकासुरा, ओढ. सर्व्हरला विजेच्या दोन वायरी असतात. मी दोन्ही ओढल्या. पंखे हळूहळू थांबले. मी वायरी हातात धरून उभा, आणि स्क्रीनवर बंद पडण्याआधीची शेवटची हजेरी तशीच: चौदा नंबरचा चौकोन हिरवागार, तापमान एक्केचाळीस, तब्येत उत्तम. आम्ही सात मिनिटं वाट पाहिली. हुं की चूं नाही. मग चष्मेवालाच आधी हसत सुटला, आणि सगळा हॉल हसला, पण मावशी, या वेळी माझ्यावर नाही. आता हजेरी घेणारी दोन मशीन आहेत, वेगवेगळ्या सर्व्हरवर, एकमेकांवरही नजर ठेवून.

तर, मला ठेवलं. कायम. आणि हजेरीच्या टेबलावर बसवलं.

कागद भरताना बाईंनी विचारलं, शाळा नववीतच का सोडलीस? नेहमीचं उत्तर तोंडातून निघालं, मावशी जिन्यावरून पडली, तिचं करायला घरी कोणी नव्हतं. त्या म्हणाल्या, गुणाचा आहेस. मावशी, तू अकरा वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगतेस, माझ्या पायापायी पोराची शाळा गेली, आणि डोळे पुसतेस. तसं झालं नव्हतं. गणिताच्या पेपरात मी पहिलंच उदाहरण पुन्हापुन्हा तपासत बसलो आणि तीन तासांत दोनच सोडवली. लाज वाटून त्याच दिवशी ठरवलं, आता शाळेत पाऊल टाकायचं नाही. तू पडलीस त्यानंतर आठ दिवसांनी. मला कारण मिळालं, आणि मी तुला त्या ओझ्याखाली राहू दिलं. दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म आजच भरला. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. रागवायचं ते समोर बसवून रागव, पण पाहुण्यांना यापुढे खरं सांग.

तुझाच,
शंकासुर