ज्यूरीचं जेवण

प्रिय हॉलिसदादा,

"माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी मेलेलं नाही." आईनं चर्चच्या अंगणातल्या जेवणात, पाद्रीबाबांच्या देखत, तुला सुनावलेलं हे वाक्य तुला आठवतं का? तू बारा वर्षांचा होतास. कोंबडीच्या रश्श्यातल्या मैद्याच्या गोळ्यांना साबणाचा वास येतो म्हणून तू ताटली पुढे सरकवली होतीस. (वास येत होता, कारण त्यात साबणच होता. आपल्या घरात मैद्याच्या डब्यात साबणाची पूड आणि साबणाच्या डब्यात मैदा, ही पहिल्यापासूनची रीत.) तेच वाक्य परवा सरकारी वकील क्रम यांनी कोर्टात म्हणून दाखवलं, आणि नंतर आईच्या मेलेल्या नवऱ्याच्या, पर्विसच्या, फोटोकडे नुसतं बोट केलं. वाक्य तेच, पण कोर्टात त्याचा सूर फार वाईट लागला.

असो. आधी नमस्कार करायचा राहिला, तो घे. तू, जोनेलवहिनी आणि मुलं डेट्रॉइटच्या थंडीत सुखरूप असाल. तुझी पाठ कशी आहे? प्रवास जमणार नाही इतकी ती दुखते असं तू कळवलंस, तेव्हापासून मी रोज तिची काळजी करते. (वहिनीच्या पत्रात मात्र तू त्याच आठवड्यात कारखान्याच्या बोलिंगच्या सामन्यात चषक जिंकल्याचं होतं. पाठीचा हा प्रकार काही वेगळाच असावा.) इकडे आम्ही मजेत. आईवर खुनाचा खटला चालू आहे, बाकी सगळं ठीक.

मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहिते आहे. ज्यूरी सकाळीच आत गेली. कागदाखाली टेकू म्हणून फडक्यात बांधलेली एक ताटली घेतली आहे. ती अजून गरम आहे, म्हणून अक्षर जरा वळवळल्यासारखं दिसेल. तिच्याबद्दल पुढे सांगते.

खटला काय आहे हे तुला माहीत आहे, पण तू पत्रं अर्धीच वाचतोस म्हणून पुन्हा सांगते. आईनं पर्विसशी लग्न केलं तेव्हा तुला तो आवडला नव्हता. मलाही नव्हता, पण माणूस निरुपद्रवी होता. जेवला की पोटात वायू धरतो म्हणायचा आणि स्वतः उठून चमचाभर खायचा सोडा पाण्यात घालून प्यायचा. चष्मा लावणं त्याला कमीपणाचं वाटे. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तो असाच उठला, असाच प्यायला, आणि पहाटेपर्यंत गेला. सोड्याच्या डब्यात उंदराचं औषध निघालं. सोडा कॉफीच्या डब्यात होता. कॉफी कशात होती ते आईलाही सांगता आलं नाही, आणि तिथेच शेरीफचा संशय बळावला.

आईचे सगळे डबे कोर्टात टेबलावर मांडले होते. तिला त्याचीच जास्त लाज वाटली. "घासून तरी आणायचे होते," असं ती माझ्याकडे बघून पुटपुटली. आपले वकील बर्चेट यांनी साबणाची जुनी हकिकत सांगायला तुला बोलावलं होतं. तुझ्या पाठीमुळे ती मी सांगितली. शेवटी मी शपथेवर म्हटलं, की आईच्या हातचं जन्मभर खात आले आहे आणि यापुढेही खाईन, मला कणभरही शंका नाही. लोक म्हणाले, व्हर्ना फार छान बोलली.

आता आजचा प्रकार. आपल्या तुरुंगाचा स्वयंपाक जेलरच्या बायकोनं करायचा असतो आणि ज्यूरी बसली की तिचंही जेवण तिथूनच जातं, हे तू विसरला नसशील. जेलर टॅकेटची बायको मॉसीकाकू हिवाळा लागताच गुडघ्यानं आजारी पडली. कैदी तीन, त्यातले दोन दारूच्या गुत्त्यावरून आणलेले आणि तिसरी आई. मग चूल कुणी हाती घेतली ते वेगळं सांगायला नको. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोर्टाला मात्र कुणी रीतसर कळवलेलं नव्हतं, त्यामुळे कोर्टाला ते माहीत नव्हतं.

दुपारी बेलिफ ओरी आईला आणायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही. आला तो एकटा, हातात ही ताटली घेऊन.

"आरोपी कुठे आहे?" क्रमसाहेबांनी विचारलं.

"येतायत. हात धुतायत," ओरी म्हणाला. "कॉबलर भट्टीत होता ना, तो काढल्याशिवाय येईनात." मग माझ्याकडे वळून, "व्हर्नाताई, हे तुला दिलंय. पीचवर गोड पीठ घालून भाजलाय, गरम आहे तोवर खा म्हणाल्या."

"कुणासाठी केला कॉबलर?" क्रमसाहेबांनी विचारलं.

"ज्यूरीसाठी. नेऊन दिला की मघाशी. कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव आणि कॉबलर."

दादा, क्रमसाहेब धावत न्यायाधीशांच्या खोलीत गेले आणि दार लावायचं विसरले, म्हणून पुढचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. विषाच्या खटल्यातल्या आरोपीनं ज्यूरीला जेवू घातलं, खटला रद्द करा, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीश म्हणाले, "क्रम, दर बुधवारी आपण दोघं जेलरकडे जेवतो, ते हिवाळा लागल्यापासून कोण रांधतंय?"

"मी परवा दोनदा वाढून घेतलं," क्रमसाहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"तीनदा," न्यायाधीश म्हणाले. "बसा."

तेव्हापासून आम्ही सगळे छताकडे बघत बसलो आहोत, कारण ज्यूरीची खोली वर आहे. मघाशी वरून धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला. सगळा व्हरांडा उठून उभा राहिला आणि बर्चेटनं माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठला. ओरी वर जाऊन आला. खुर्ची पडली होती. आणि आणखी कॉबलर आहे का, असं विचारत होते.

आई आता आत, आरोपीच्या जागी बसली आहे. केसांना पीठ लागलंय. उघड्या दारातून माझ्याकडे बघून तिनं ताटलीकडे बोट केलं आणि भुवया उडवल्या. मी मान डोलावली. काळजी करू नकोस, ती निर्दोष आहे आणि मला कधीच

वरून दारावर थाप पडली. निकाल आला. थांबते.

तुझी,
व्हर्ना

ता. क. निर्दोष. ज्यूरीच्या म्होरक्यानं निकाल वाचला आणि मिशीवरचा पाक पुसला. स्वयंपाक कुणाचा होता हे न्यायाधीशांनी त्यांना मग सांगितलं, तेव्हा एक-दोघांचे हात पोटावर गेले. पण ज्यूरीच्या पुढच्या रांगेतली म्हातारी म्हणाली, "तरीच. मॉसीचा कॉबलर कधीपासून खाण्यासारखा झाला?" (मॉसीकाकू तेव्हापासून कुणाशी बोलत नाही.) बाहेर आल्यावर म्होरक्या सांगत होता, की त्यांचं सकाळीच ठरलं होतं. बारा घरांपैकी एकाही घरी मैद्याच्या डब्यात मैदा नव्हता. पण कॉबलर भाजल्याचा वास आला, म्हणून जेवून मगच कळवायचं ठरलं.

ता. क. दुसरा. गाडीत बसताना आईनं विचारलं, "कॉबलर कसा झाला होता गं?"

मी म्हटलं, छान.

"जायफळ?"

"अगदी बेताचं," मी म्हटलं. (एरवी मी ते जास्त झालं म्हणून कुरकुरते, हे तुला ठाऊक आहे.)

आई खिडकीबाहेर बघत राहिली. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "मॉसीकडचं संपलं होतं. घातलंच नव्हतं." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. घर येईपर्यंत तिनं तो काढला नाही. ताटली माझ्या पिशवीत होती, फडक्याची गाठही सोडलेली नव्हती.

दादा, ऑगस्टपासून मी तिच्या हातचा घास घेतलेला नाही. भेटीला गेले की ती काहीतरी बांधून द्यायची आणि मी ते परतीच्या बसच्या ड्रायव्हरला द्यायचे. तो चांगला गुटगुटीत झालाय. शपथेवर बोलले ते मनापासून बोलले, पण हात तोंडापाशी येतो आणि थांबतो. बारा परक्या माणसांना जे जमलं ते मला जमत नाही. तुला मात्र जमलं होतं. साबणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिच्या हातचं पोटभर खाल्लंस, मी तुझ्या समोरच बसले होते.

रविवारी ती जेवण करणार आहे. अर्धी ज्यूरी येते म्हणाली. तू ये आणि माझ्या शेजारी बस. पहिला घास तू घे, तुझ्याकडे बघून मी घेईन. तिला काही सांगायचं नाही, नुसतं जेवायचं. पाठीचं कळवणारं तुझं पत्र येईल हे मला माहीत आहे, तरी तुझी खुर्ची मी भिंतीला टेकवून ठेवते आहे, पाठीला आधार होईल अशी. ये.