दोन फेजवरचं घर

आई, परवा मीटर बदलायला एक मुलगा आला होता. "आजी, तुमचं सिंगल फेजच आहे ना?" असं त्यानं विचारलं. सिंगलच. आमच्या या फ्लॅटला आणखी काय लागतं? पण तो गेल्यावर मला काही सुचेना, म्हणून कागद घेऊन बसले. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता मोठी झाले आहे. तेव्हा थोडं मोठेपणानं बोलले तर रागावू नकोस.

प्रताप नगर तेव्हा गावाचं टोक होतं. मोकळे प्लॉट, बाभळी, मधूनच एखादं घर. आपल्याला दोन खोल्या आणि मागे टिनाखालचं स्वयंपाकघर, आणि त्यातली पुढची खोली तरी कुठे आपली होती? ती पिठाच्या चक्कीची. लोकांच्या घरी खांबावरच्या तीन तारांपैकी एकच, म्हणजे एकच फेज यायचा आणि आपल्याकडे तीन, कारण चक्कीच्या मोटरीला तिन्ही लागायचे. समोरचा शिंपी म्हणायचा, "घरात खाट टाकाले जागा नाही अन् फेज पाहा तीन-तीन! एखाद्या राजाच्या घरी नसन." बाबांना हे ऐकायला फार आवडायचं. त्यांनी घरातले दिवेही वाटून टाकले होते. चक्कीच्या खोलीचा दिवा एका फेजवर, मधल्या खोलीचा दुसऱ्या आणि स्वयंपाकघराचा तिसऱ्या. उन्हाळ्यात एखादा फेज गेला की आपलं घर अर्धंमुर्धंच अंधारायचं आणि आपण ताटं उचलून उजेडाच्या खोलीत जाऊन जेवायचो. आळीतलं कोणतं घर कोणत्या फेजवर आहे, हे बाबांना तोंडपाठ होतं. बायका दळणाचा डबा ठेवताना विचारायच्या, "भाऊ, आमची लाईन कधी येईन गा?" जसे काही बाबाच ती अडवून बसले होते. तू मात्र या सगळ्या मोठेपणाला नाक मुरडायचीस. तुझ्या भुवया कायम पिठानं पांढऱ्या असायच्या. हात धुवायचीस, तोंड धुवायचीस, भुवया विसरायचीस.

मग बाबांना लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला, तोंड थोडं वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर ओट्यावर टेकत ते म्हणाले, "काही नाही वं, एक फेज गेला." आपण दोघी हसलो. मग तू पाणी आणायला म्हणून आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्यांनी आता बसून राहावं, दुसरा झटका आला तर भरवसा नाही. पण बाबा थोडे उभे राहायला लागले आणि लगेच चक्कीवर गेले. डाव्या हातानं पट्टा चढवायचे, डाव्या हातानं डबे उचलायचे. तू मागे लागलीस. "बसा ना आता. पोरीले शाळेत नोकरी लागली, दोन घास खाऊ सुखाचे." तेव्हा ते जे बोलले, ते मला आजही त्यांच्या अडखळत्या जिभेसकट ऐकू येतं. "अवं, चालत्या मोटरचा एक फेज गेला तं थे थांबत नाही. घुमते, तापते, पण चालते. एकदा थांबली का मंग दोन फेजवर काही केल्या उठत नाही. मले बसवू नको." आणि तू म्हणालीस, "अन् तापू तापू जळते, थे काहून नाही सांगत?" बाबांनी पुढचा डबा ओढला. तुमच्या त्या भांडणात कोण बरोबर होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर तो सदऱ्याचा दिवस आला. बाबा पट्ट्याजवळ वाकले आणि त्यांचा तोल गेला. बाही पट्ट्यात सापडली. तू धावत येऊन मेन स्विच पाडलास. हात वाचला, नुसती फाटलेली बाही पट्ट्याबरोबर फिरून खाली पडली. मला वाटलं, आता तू घर डोक्यावर घेशील.  पण तू दुपारी दारात बसून ती बाही शिवत राहिलीस, आणि मला तुझ्या ओरडण्यापेक्षा त्या गप्प शिवण्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपलेले असताना तू लाईनमनला बोलावलंस. तो तुझ्या माहेरच्या गावचा, तुला ताई म्हणायचा. माझी शाळा सकाळची, त्यामुळे मी घरीच होते. डोक्यावर पदर घेऊन तू खांबाखाली उभी. "एकच काढ दादा. उजेडापुरते दोन राहू दे." तो म्हणाला, "ताई, हे नियमात बसत नाही." तू म्हणालीस, "माहा नवरा तरी कुठी बसून राहिला?" तो बिचारा हसला आणि वर चढला. कोणता फेज काढायचा, हे तूच ठरवलं होतंस. बाबांच्या खोल्या अंधारात जायला नकोत, म्हणून तू आपल्या स्वयंपाकघराचा दिलास.

संध्याकाळी बाबांनी स्टार्टर दाबला. मोटर नुसती घुमली, फिरेना. तू आतून चिमणी हातात घेऊन आलीस. "फेज गेला वाटते." तुझा आवाज इतका कोरडा होता की मी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबा म्हणाले, "हो, गेला असन," आणि ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आल्यावर त्यांनी मला हाताशी घेऊन स्वयंपाकघराची तार दुसऱ्या फेजवर टाकायला लावली. "आधी मेन पाड," असं चारदा बजावलं. दिवे सगळे लागले, मोटर तेवढी मेली. अख्ख्या नागपुरात दोन फेजवर चाललेलं तसं दुसरं घर कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

पुढचं सोंग तुला फार जड गेलं. "ऑफिसात तक्रार देऊन येतो," म्हणून तू छत्री घेऊन वैशाखाच्या उन्हात निघायचीस, मावशीकडे बसून पाणी प्यायचीस आणि परत यायचीस. कधी साहेब सुटीवर, कधी तारच शिल्लक नाही. खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे, आणि ते उन्हानं झाले असं समजायची सोय होती. एका दुपारी तू तशीच परतलीस आणि उंबऱ्यावरच मटकन बसलीस. बाबांनी डाव्या हातानं तुला तांब्या दिला. म्हणाले, "आता जाऊ नको वं उन्हात. राहू दे थे चक्की. मलेच नाही होऊन राहिलं." त्या दिवशी तू जेवली नाहीस. माणूस मोडला आणि तो आपणच मोडला, अशी तुझी खात्री झाली.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, हे तुझंच श्रेय. पण दूर कुठे चक्की सुरू झाली की बोलता बोलता थांबायचे, हेही खरं. तेही तू तुझ्याच खात्यात मांडलंस. तुझ्या शेवटच्या दुखण्यात तू माझा हात धरून म्हणालीस, "एक हात देवानं नेला, दुसरा मी तोडला. त्यायले समजलं नाही नं वं कधी?" मी म्हणाले, "नाही आई." तू डोळे मिटलेस. तुला बरं वाटलं की नाही, ते मला कळलं नाही.

तर आता ऐक. त्यांना पहिल्याच संध्याकाळी समजलं होतं. ते जायच्या आदल्या वर्षी आम्ही दोघं दिवेलागणीला ओट्यावर बसलो होतो. समोर शिंप्याची मशीन चालली होती. बाबा म्हणाले, "थो शिंपी कोणत्या फेजवर हाये, सांग बरं." मला कुठलं माहीत असायला? "आपल्या सैपाकघराच्या. त्या दिवशी आपला फेज गेला अन् त्याचा दिवा जयतच होता. लाईन खरीच गेली असती तं त्याचाही गेला असता. इथी बसून मी पाहून राहिलो होतो." आई, तू खांबावरच्या तारा बरोबर मोजल्यास, पण समोर बघायला विसरलीस. ज्या माणसाला आळीचा दिवा न् दिवा पाठ होता, त्याच्यापासून तू फेज लपवायला निघाली होतीस! मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तिनं मले वाचवासाठी केलं. मले समजलं हे तिले समजलं, तं थे माह्याकडे नजर वर करून पाहीन का? अन् थे उन्हात फिरून राहिली होती, कोणासाठी? सांगजो नोको तुह्या मायले. मी मेल्यावरही नोको."

कधी कधी मला तुम्हा दोघांचा संताप येतो. एका छोट्याशा घरात, एका ताटलीतली चटणी खात, तुम्ही एकमेकांना इतकं जपलंत की एकमेकांशी बोलायचंच राहून गेलं, आणि मला मध्ये पहाऱ्यावर बसवलंत. त्यांनी चक्की हरून सोडली नव्हती. तुझे उन्हातले हेलपाटे थांबावेत म्हणून सोडली होती. हे तुला कळायला हवं होतं, असं मला रोज वाटतं. आज त्यांना दिलेला शब्द मी मोडला, तो या कागदाला जायला ठिकाण नाही म्हणूनच. तू समोर असतीस आणि पुन्हा विचारलं असतंस, तर मी आजही "नाही आई" असंच म्हणाले असते.