घरातला काटा तपासताना

३ सप्टेंबर
यंत्रं आली! वजनकाटा आणि दंडाला बांधायचा पट्टा. हृदय अशक्त, म्हणून रोज सकाळी मोजायचं — आकडे आपोआप दवाखान्यात सिस्टरकडे जातात. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय. म्हणजे पुन्हा भरती. नको रे बाबा! मागचे अकरा दिवस पुरे झाले.

बत्तीस वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासले. आता माझ्यावरच निरीक्षक बसला. हिला भारी मजा वाटतेय.

४ सप्टेंबर
काट्यावर पाच किलोचं सीलबंद पीठ ठेवलं. बरोबर ५.०. पास! लगेच सिस्टरचा फोन — काका, एका रात्रीत साठ किलो उतरलात? ओशाळलो. ही हसून हसून बेजार.

६ सप्टेंबर
६५.२. जैसे थे.

७ सप्टेंबर
पट्ट्याला ठोके कळतात कसे? दोन दिवस डोक्यात तेच. आमच्या खात्यात एकाच मापावर काटा पास करत नसत, म्हणून हिला बसवलं. गॅसवर दूध होतं, कुरकुरली. तीनदा घेतलं, नियम तो नियम. ५८, १३१, ९२. हे काय! लगेच माझ्या दंडावर — ७४, ७४, ७५. यंत्र चोख आहे.

म्हटलं, तू हात हलवलास. म्हणाली, जिना चढलं की होतं तसं, माझं सोडा. आणि दूध बघायला गेली. मी वहीत लिहिलं : हात हलला, माप रद्द.

८ सप्टेंबर
सिस्टरचा फोन. पुन्हा बोलणी खायची म्हणून आधीच माफी मागून टाकली. ती हसली नाही.

"काका, काल पट्टा कोणाच्या दंडावर होता?"

सांगितलं.

"काकूंना आत्ताच्या आत्ता घेऊन या."

९ सप्टेंबर
ही भरती आहे. ठोक्यांना ताळतंत्र नाही. आणखी उशीर झाला असता तर झटका आला असता, असं डॉक्टर म्हणाले.

तीन महिने जिन्यात धाप लागत होती म्हणे! मला का नाही सांगितलंस, विचारलं.

"घरात एका वेळी एकच आजारी चालतो."

म्हणजे मी बरा व्हायची वाट बघत होती — आजारी पडायला.