पिवळे हात

तीर्थरूप आईला, लेकीचा पायावर माथा.

तुला फोनवर ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राहिले. कुरुंद्याहून पुण्याला सुखरूप पोचलो.

इथं सोसायटीत लेकरांसाठी नवी बाग झाली. काल दोघांना नेलं. तुझ्याजवळ बसून ओली हळद मोडली ना, त्यानं दोघांचे हात अजून पिवळेच. एक बाई "कावीळ हाय" म्हणली अन् आपलं पोरगं झोक्यावरून ओढून नेलं. मग सगळेच उठले. हळद सांगितली तर मजूर समजतील, म्हणून मी गप बसले. मुक्ता हरखली, "आई, सगळे झोके आपलेच!"

घरी आणून दोघांचे हात घासणीनं घासले. लई रडले, पण निघालं.

गुडघे कसे हायेत? दिवाळीला नक्की ये. फक्त लेकरांसंगं बागेत जायचं न्हाई. तुझ्या हाताचं काही निघायचं न्हाई.

तुझीच,
शेवंता