सी, ओ, एम

मोरिवली, अंबरनाथ
१७ ऑक्टोबर २००५

श्री. हेमचंद्र यांस,
सविनय जय भीम.

शनिवारी तुम्ही आणि तुमच्या मावशी मला पाहून गेलात, सुखरूप कुळगावला पोचला असालच. आमच्याकडे सगळे ठीक. फोनच करणार होते, पण तुमच्याकडे तो मावशीच उचलतात, म्हणून पत्र.

निघताना तुम्ही विचारलंत, "विहारात नक्की काय शिकवता?" दारात चपला घालता घालता विचारलंत, त्यामुळे उत्तर राहिलं. बायकांना इंग्रजी शब्द शिकवते. दर रविवारी सुरुवातीची अक्षरं ठरवून देते. त्या अक्षरांचा एक शब्द प्रत्येकीने आणायचा आणि तो कुणाकडून ऐकला, कुठल्या पाटीवर पाहिला, तेही सांगायचं. पुस्तकातला चालत नाही. मग मी डिक्शनरी उघडते.

काल सी, ओ, एम होतं. अंजनीने दवाखान्यातून 'कंपाउंडर' आणला. राजाबाई एमआयडीसीत पॅकिंगला आहेत, त्यांनी 'कंपनी'. मलाही ठाऊक नव्हतं, या 'कॉम'चा मूळ अर्थ सोबत, एकत्र. कंपाउंडर औषधं एकत्र करतो. आणि कंपनी म्हणजे मुळात एकत्र भाकरी खाणारे!

"भाकरी?" राजाबाई म्हणाल्या. "आमचा सायब तर काचेच्या खोलीत एकटाच जेवतो. त्याला दाखव गं तुझी डिक्शनरी."

"ताई, कंगव्याला कोम म्हणतात," अंजनी म्हणाली. "त्यात काय सोबत?"

"उवा!" मागून कुणीतरी ओरडलं.

खरं तर तो शब्द या घरातला नाही, नुसती अक्षरं सारखी. पण ते ऐकून घ्यायला हसण्यातून कुणी शुद्धीवर नव्हतं.

आई कधी शब्द आणत नाही, मागे बसून ऐकते. काल तिने हात वर केला. "कॉम्प्रमाइज," म्हणाली.

"कुणाकडून ऐकला?" मी नियमाप्रमाणे विचारलं.

"काल आपल्या घरी. पाहुण्यांच्या मावशींकडून."

तुम्हालाही आठवत असेल. मावशी म्हणाल्या होत्या, "लग्नानंतर हे क्लास-बिस बंद हं. मुलीच्या जातीने थोडं कॉम्प्रमाइज करावं." तेव्हा तुम्ही बशीत चहा ओतत होतात. काही बोलला नाहीत.

हेच लिहायचं होतं, आणि मी पानभर शब्द मांडत बसले.

डिक्शनरीत पाहिलं. मुळात त्याचा अर्थ, दोघांनी मिळून दिलेलं वचन. मी वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "मग ते एकटीने कसं करायचं गं?"

येत्या रविवारी बाबा तुमच्याकडे येऊन निरोप देणार आहेत. घरात सगळ्यांना होकारच हवा आहे. मलाही तुम्ही आवडलात, दारातल्या त्या एका प्रश्नामुळे. आजवर मला पाहायला आलेल्यांपैकी कुणी तो विचारला नव्हता. पण क्लास सोडून मी येणार नाही. कुळगावहून अंबरनाथ एकच स्टेशन आहे. माझं वचन असं : मावशींचं सगळं मनापासून करीन, रविवारची दुपार तेवढी विहाराची.

तुमचं वचन काय, ते बाबा निघायच्या आत कळवा. मावशींना विचारून लिहिलंत तरी चालेल, पण लिहा तुम्हीच.

वर नुसतं 'श्री.' लिहिलं आहे. खाली नावाआधी 'तुमची' लिहायची जागा मोकळी सोडते.

............ कीर्ती